साक्षीदार चकती

४ फेब्रुवारी

ठिपके,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. माझे तुला चालतील की नाही माहीत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं, त्याच्यावर तरी तुझा राग नसेल.

कामापुरतं लिहिते. घरमालकाला मधल्या पॅसेजची फरशी बदलायची आहे. तू पिवळ्या रंगाने घातलेले आकडे तिच्यावर अजून आहेत, एक ते बावीस. एका आकड्यावर एक पाऊल. बाबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि तू ओणवी होऊन रंगवत होतीस. "तुझा सात माझ्यासारखा लंगडतोय," असं म्हणाले होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला लंगडा सात कसा खपायचा? दोनदा पुसायला लावला तुला. सोळा नि सतरा जवळजवळ पुसले गेलेत, कारण तिथे ते भिंतीला टेकून दम खायचे. बाकीचे ठणठणीत आहेत. मालक पुढच्या महिन्यात काम काढतो म्हणतो. आकडे ठेवायचे असतील तर कळव, मी त्याच्याशी भांडेन. नसतील तर तसं कळव.

तू उत्तर देणार नाहीस. दोन वर्षांत तीन पत्रं टाकली, एकाचंही आलं नाही. परवा तुझी हॉस्पिटलातली मैत्रीण बाजारात भेटली. तिने सांगितलं की तू तिकडे छपाईच्या दुकानात काउंटरवर बसतेस, लोकांची व्हिजिटिंग कार्डं मोजून देतेस, आणि पेशंटला हात लावणं कायमचं सोडलंयस. "काकू, ती म्हणते माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही उरला." मी पिशवी रिकामीच घेऊन घरी आले.

साडेचार वर्षं शिकलीस ते. लोकांना पुन्हा चालायला लावणं. बिछान्याला खिळलेली माणसं तू उभी केलीस. आणि स्वतःच्या बापाला चालवलंस तेव्हा आईने काय ऐकवलं? हॉस्पिटलच्या जिन्यापाशी, दोन नर्सेसच्या देखत: "चालवून चालवून खिळखिळं केलंस त्यांना." पाच दिवसांनी ते गेले. मी ते वाक्य मागे घेतलं नाही. तू सामान बांधलंस तेव्हाही नाही.

कारखान्यात चौकशी लागली आहे. त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन, तुला ऐकायचं असो वा नसो.

आई


११ फेब्रुवारी

ठिपके,

तुझं उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं असं धरून चालते.

माझं काम तुला कधी नीट कळलंच नाही. शाळेत बाईंनी विचारलं तर तू सांगायचीस, "आमची आई लोखंड धुते." लोखंड नाही गं, टायटॅनियम. पण धुते हे खरं. खुब्याचा सांधा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा ठोकून बसवतात. आम्ही त्याला खुंटी म्हणतो. खुंटीला गोंद नाही, सिमेंट नाही. तिचा पृष्ठभाग ॲसिडने खडबडीत केलेला असतो, आणि माणसाचं जिवंत हाड हळूहळू त्या खडबडीत शिरतं. तीन महिन्यांत हाड आणि खुंटी एक होतात. याला कागदावर काहीतरी लांबलचक नाव आहे. आम्ही म्हणतो, खुंटी रुजली. बाबांना हा शब्द फार आवडायचा. "मांडीत झाड लावलंय, आता पाणी कोण घालणार?" असं विचारून डॉक्टरांना हैराण केलं होतं त्यांनी.

रुजायला खुंटी स्वच्छ लागते. डोळ्याला दिसते तशी स्वच्छ नव्हे. तेलाचा, साबणाचा न दिसणारा पापुद्रासुद्धा चालत नाही. आणि धुतलेल्या खुंटीला तर हात लावायचा नाही, मग ती स्वच्छ झाली हे ओळखायचं कसं? त्यासाठी साक्षीदार असतो. त्याच धातूची, बटणाएवढी चकती. खुंट्यांच्या टोपलीबरोबर ती प्रत्येक टाकीतून जाते, त्यांच्याबरोबरच वाळते. शेवटी तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब पसरून सपाट झाला तर सगळी टोपली पास. गोल उभा राहिला तर सगळी नापास. साक्षीदार खोटं बोलत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवायचे.

आता चौकशीचं. आमच्याकडे एक संशोधक बाई आल्या आहेत, साधारण तुझ्या वयाच्या. त्या नवा पृष्ठभाग तयार करतायत. त्यावर आणखी बारीक खळगे आहेत, आणि खुंटी हवेत न ठेवता मिठाच्या पाण्यात बंद करून पाठवायची, म्हणजे ती शिळी होत नाही आणि हाड लवकर धरतं. मला मुद्दाम बोलावून सूक्ष्मदर्शकातून हाडाच्या पेशी दाखवल्या. चांगल्या पृष्ठभागावर पेशी अंग टाकून, हातपाय पसरून बसतात. मळक्या पृष्ठभागावर त्याच पेशी अंग चोरतात, गोळा होतात आणि गळून पडतात. हुबेहूब आमच्या थेंबासारखं. तीस वर्षं हे काम करून मी ते पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ डोळा लावून बसले. त्या म्हणाल्या, "मावशी, चहा गार होतोय."

नव्याची तुलना जुन्याशी करायची म्हणून त्यांनी निकामी होऊन परत आलेल्या जुन्या खुंट्या मागवल्या. तेवीस आल्या. सगळ्या दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या, एकाच आठ महिन्यांतल्या. त्या आधीची एक नाही, नंतरची एक नाही. साहेब खूश. त्यांचं म्हणणं, जुना पृष्ठभाग कमी रुजायचा, नवा जास्त रुजतो, झालं सिद्ध. बाई मात्र खूश नाहीत. काल माझ्याकडे यादी घेऊन आल्या. "मावशी, प्रत्येक खुंटीवरच्या नंबरचा शेवटचा आकडा बघा. सात, आठ, नाहीतर नऊ. एक ते सहा एकही नाही. असं का असेल?"

मी म्हटलं, "योगायोग असेल."

येत्या सहा मार्चला चौकशी समितीपुढे मला सही करायची आहे, की त्या आठ महिन्यांतल्या प्रत्येक टोपलीचा साक्षीदार पास झाला होता. ते खरंच आहे. एकूण एक पास.

आई


१९ फेब्रुवारी

गप्प बसायची तुझी ताकद माझ्याकडूनच आलीय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू? नको लिहूस. मी लिहिते.

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, हिवाळी कपड्यांच्या मागे, प्लास्टिकचा एक डबा आहे. त्यात बाबांची खुंटी आहे. तुला हे माहीत नाही.

बाबा ज्यातून उठले नाहीत त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी सर्जन बाहेर आले तेव्हा तू खाली औषधं आणायला गेली होतीस. मी कारखान्यातली म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पाच महिन्यांनंतर असा दांडा काढायचा म्हणजे छिन्नी नि हातोडा घेऊन तासभर झगडावं लागतं. हा माझ्या दोन बोटांत वर आला." आणि डबा माझ्या हातात दिला.

मी डबा उघडला. ठिपके, रुजलेली खुंटी कधी बाहेर काढावी लागली तर तिच्यावर हाडाचे कपचे घट्ट चिकटून येतात, कितीही घासले तरी निघत नाहीत. बाबांच्या खुंटीवर काहीच नव्हतं. माझ्या टाकीतून निघाली तशी होती. त्यांच्या हाडाने पाच महिने तिला जवळच केलं नव्हतं. त्यांना मांडीत कळ यायची ती त्यामुळे. तू म्हणायचीस, "दुखणारच बाबा, स्नायू जागे होतायत, चला, अजून चार आकडे." ते दात खाऊन चार आकडे चालायचे आणि वर तुझीच पाठ थोपटायचे.

तेवढ्यात तू औषधांची पिशवी घेऊन जिना चढून आलीस आणि विचारलंस, "काय म्हणाले डॉक्टर?" मी डबा पदराआड केला आणि तुला ते वाक्य ऐकवलं.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं, असं मी गेली दोन वर्षं स्वतःला सांगत आले. अर्धं खरं आहे ते. अर्ध्या मनाने मी हातातल्या डब्याला घाबरले होते. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर तू आलीस.

संशोधक बाई त्या तेवीस जणांपैकी काहींना भेटून आल्या. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंना डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं वजन जास्त. एका ड्रायव्हरला सांगितलं, तू लवकर कामावर गेलास. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांची बायकोच म्हणते, गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर ही वेळ आली नसती. प्रत्येकाला काहीतरी कारण मिळालंय. बाई हे सांगत होत्या तेव्हा मी टाकीवर झाकण लावत होते. ते तीनदा वाकडं बसलं.

"मावशी, टोपलीत खुंट्या कोण रचायचं तेव्हा?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"असायच्या दोघीतिघी. सोडून गेल्या," मी म्हटलं.

दोघीतिघी कुणी नव्हत्या. मीच रचायचे.

आई


२ मार्च

ठिपके,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. यावेळी फाडणार नाही, जसं येईल तसं टाकणार.

चकती बटणाएवढी असते. टोपलीच्या जाळीतून ती निसटते. तू शेवटच्या परीक्षेला बसलीस त्या उन्हाळ्यात आमच्या दोन चकत्या महिन्याभरात गटाराच्या वाटेने गेल्या. साक्षीदार नाही म्हणजे टोपली पास करता येत नाही, अख्खा माल पुन्हा धुवायचा. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. "तीस वर्षांचा अनुभव आणि एक बटण सांभाळता येत नाही?" मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी घरून बारीक तार नेली आणि चकती टोपलीच्या काठाला, वरच्या कोपऱ्यात, घट्ट बांधली. त्यानंतर एकही हरवली नाही. साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की जमतं."

शेवटच्या टाकीत शुद्ध पाणी वरून येतं. नळी काठापाशीच होती, आणि जादाचं पाणीही वरूनच वाहून जायचं. म्हणजे वरचं पाणी सतत ताजं, आणि तळाचं तेच ते, टोपलीच्या खाचांतून उतरलेलं तेल नि साबण घेऊन साचलेलं. पूर्वी चकती सुटी असायची, ती पडत पडत तळाशी जायची. तळ धुतला गेला तरच ती पास व्हायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप घडत होतं. मी तिला तारेने नळीच्या तोंडाशी बांधली. सगळ्या टोपलीत जर कुणाला उत्तम आंघोळ मिळत असेल तर ती साक्षीदाराला. आठ महिने तो पास होत राहिला, आणि मी सही करत राहिले.

टोपलीत नऊ खुंट्या, तीन मजल्यांत. एक ते तीन वर, चार ते सहा मध्ये, सात ते नऊ तळाला. खुंटीच्या नंबरचा शेवटचा आकडा म्हणजे तिची टोपलीतली जागा, तसाच तो आधी कोरून घ्यायची माझी सवय होती. कुठल्याही कागदावर ही सवय लिहिलेली नाही. म्हणून बाईंना आकडे दिसले पण कारण दिसलं नाही, आणि मला आकडे ऐकताक्षणी टोपलीचा तळ दिसला.

आता बाबांचं सांगते. ते शिडीवरून पडले तेव्हा डॉक्टरांनी मला माप सांगितलं. मी साहेबांकडे शब्द टाकला, की यांच्यासाठी मी स्वतः धुतलेली खुंटी पाठवा. साहेब लगेच हो म्हणाले. त्या मापाची एकच होती टोपलीत. ती मी नऊ नंबरला टाकली. तळाला, कोपऱ्यात. वरच्या मजल्यावरच्या खुंट्यांना टोपली उचलताना कधीमधी धक्का लागतो, चरा पडतो. कोपऱ्यात सगळ्यात सुरक्षित. मी ती दोन्ही हातांनी आत ठेवली आणि मनात म्हटलं, सांभाळ गं यांना.

मी ती वरच्या दोन मजल्यांत कुठेही ठेवली असती तर ते आज पॅसेजमध्ये उभे राहून मालकाशी फरशीवरून भांडत असते.

तुझ्या चालवण्याने काही झालं नाही. मी संशोधक बाईंना आडून विचारलं, रुजायच्या काळात माणूस जास्त चालला तर? त्या म्हणाल्या, स्वच्छ खुंटीवर बेताचा भार पडला तर हाड उलट जोमाने धरतं, आणि मळकीवर माणूस झोपून राहिला तरी धरत नाही. म्हणजे तू केलंस ते बरोबर होतं. शब्दाला शब्द बरोबर. चूक माझ्या तारेची होती.

तू म्हणशील, मग बोलली का नाहीस? मला हे कळलं तेव्हा तू निघून गेली होतीस. कळलं तेही हळूहळू, तुकड्यातुकड्याने. मग ती तार काढून मी चकती दुसऱ्या तारेने गुपचूप तळाला बांधली आणि साहेबांना सुचवलं की नळी खोलवर न्यावी. कारण काय लिहिलं माहीत आहे? पाण्याची बचत. त्याबद्दल मला वर्षातली उत्तम सूचना म्हणून प्रशस्तिपत्र नि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. टाळ्याही वाजवल्या. घड्याळ स्वयंपाकघरात लावलंय, पाच मिनिटं पुढे पळतं.

उद्या सकाळी मी आधी बाईंकडे जाणार आहे आणि तार दाखवणार आहे. ती माझ्या एप्रनच्या खिशात अजून आहे.

आई


७ मार्च

ठिपके,

काल समिती झाली. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. साहेबांनी आदल्या दिवशी समजावून पाहिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, पाच महिन्यांनी निवृत्त होताय. साक्षीदार पास झाला एवढंच विचारणार आहेत, तेवढंच सांगा. खोटं कुठे बोलायचंय?" मी म्हटलं, "तेच तर, साहेब. तेवढं खरं बोलूनच हे झालंय."

संशोधक बाईंनी सकाळीच काचेच्या टाकीत टोपली बुडवून, पाण्यात निळा रंग सोडून सगळ्यांना दाखवलं. वरचा निळा रंग पाच मिनिटांत धुऊन गेला. तळाचा अर्ध्या तासानेही तसाच होता. मग मी सांगितलं. तार टेबलावर ठेवली, शेजारी बाबांची खुंटी ठेवली. तिच्यावरच्या नंबरचा शेवटचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. अध्यक्षांनी चष्मा लावून वाचला, "नऊ." त्यांनी विचारलं, "हा कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या घरचा."

त्या आठ महिन्यांत एकोणचाळीस टोपल्या झाल्या. तळाच्या तीन धरल्या तर एकशे सतरा माणसं. तेवीस परत आल्या, चोविसावी बाबांची. त्र्याण्णव अजून कुणाच्या ना कुणाच्या मांडीत आहेत. काही रुजल्याही असतील, बाई म्हणतात, हाड चिवट असतं. पण त्या सगळ्यांना आता बोलावून तपासणार आहेत. आणि पत्रात लिहिणार आहेत की दोष तुमचा नाही. हे वाक्य बाईंनी हट्टाने घालायला लावलं.

अध्यक्षांनी मला विचारलं, की तुम्हाला हे नेमकं केव्हा लक्षात आलं? मी म्हटलं, नक्की आठवत नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.

मला कामावरून थांबवलंय. पुढे काय होईल ते होईल. घरी आल्यावर पॅसेजमधून चालत गेले. इतके दिवस मी त्या आकड्यांवर पाय न ठेवता कडेकडेने जायचे. काल एक ते बावीस सगळ्यांवरून गेले. सात अजूनही लंगडा आहे गं.

आई


१५ मार्च

ठिपके,

तुझं पाकीट आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आत छपाईत वाया गेलेलं एक व्हिजिटिंग कार्ड, कुणा वकिलाचं, आणि मागे तुझे चार शब्द: "तुला नेमकं कधी कळलं?"

बाकी काही नाही. आई नाही, सही नाही. मी ते कार्ड घेऊन सकाळपासून स्वयंपाकघरात बसले आहे. समितीतल्या पाच जणांनी जे उत्तर मुकाट्याने लिहून घेतलं ते तुला चालणार नाही हे मला माहीत होतं. तू लहानपणापासून अशीच. हात धुतले का, असं विचारलं की मी हो म्हणायचे, आणि तू माझी बोटं हुंगायचीस.

लिहिते.

बाबा गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी. मंगळवारी. मी त्या दिवशी पहिल्यांदा कामावर परत गेले होते. जेवायच्या सुट्टीत धुण्याच्या खोलीत कुणी नव्हतं. डबा डोक्यातून जात नव्हता. मी तळाची एक खुंटी बाहेर काढली आणि तिच्यावर थेंब सोडला. थेंब गोल उभा राहिला. काठाच्या साक्षीदारावर सोडला. पसरला. पुन्हा तळाची दुसरी काढली, तिसरी काढली. मला तुकड्यातुकड्याने काही कळलं नाही. सुट्टी संपायच्या आत सगळं कळलं होतं.

आणखी एक आहे. हे मी समितीलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सहा टोपल्यांचा माल गोदामात पॅक होऊन पडला होता, अजून बाहेर गेला नव्हता. मी एक शब्द बोलले असते तर थांबला असता. शुक्रवारी गाडी आली, मी कागदावर सही केली आणि तो गेला. एकशे सतरापैकी अठरा माणसांच्या मांडीत मी ती खुंटी माहीत असताना घातली. हे पत्र पेटीत टाकून मी तशीच अध्यक्षांच्या ऑफिसात जाणार आहे आणि त्यांच्या कागदावरचं "नक्की आठवत नाही" खोडायला लावणार आहे. यानंतर नुसतं कामावरून थांबवण्यावर भागणार नाही. भागू नयेच.

पण तू विचारलंस ते त्या अठरा जणांसाठी नाही. तू तारीख का विचारतेस ते मला समजतं. मी लिहिलं होतं की मला कळलं तेव्हा तू निघून गेली होतीस. तू बोटांवर दिवस मोजले असणार.

तू गेलीस गुरुवारी. तेविसाव्या दिवशी.

मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तू बाबांचे ब्रश धुऊन ओळीने वाळत ठेवले होतेस. बुधवारी तू बॅग भरलीस, मी तुला टॉवेलाच्या घड्या घालून दिल्या. आपण दोघी एका टेबलाशी जेवलो. गुरुवारी सकाळी तू बॅग उचलून पॅसेजमध्ये आलीस, त्या आकड्यांवर थांबलीस, आणि वर न बघता विचारलंस, "आई, माझ्यामुळेच झालं ना गं?"

मला तेव्हा दोन दिवसांपासून माहीत होतं. मी म्हटलं, "बस चुकेल तुझी."

नाही, ठिपके. तुझ्यामुळे नाही.

आई